राफ्टसाठी सांगितलेला बर्फ

काँक्रीट तापतं असं सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, हो, उन्हाने. उन्हाने नाही हो. आतून, स्वतःचं स्वतः. सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते तापायला लागतं. घराचा स्लॅब पातळ, त्याची उष्णता वरच्यावर निघून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. पण टॉवरचा पाया म्हणजे राफ्ट, तो माणसाच्या उंचीपेक्षा जाड असतो. त्याच्या पोटातली उष्णता बाहेर यायला वाटच मिळत नाही. वरचा थर निवतो, आतला धगधगत राहतो, आणि दोघांत फार फरक पडला की राफ्टला तडा जातो. पायालाच तडा गेला तर पुढे काय, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आतला भाग किती तापेल हे काँक्रीट ओतायच्या आधी सांगायचं, हे माझं काम. सिमेंट किती, त्यात मिसळायची राख किती, खडी उन्हात किती तापलीय, हवा कशी आहे, सगळं मांडायचं आणि आकडा काढायचा. उन्हाळ्यात आकडा फार वर जायला लागला तर काँक्रीटच्या पाण्यात बर्फ घालतात. हो, बर्फच. बदलापुरात मे महिन्यात राफ्ट ओतायचा तर ट्रकने बर्फ लागतो. माझं हे काम ऐकून आमच्या एका मावशीने विचारलं होतं, मग वरून रूह अफ्जा पण टाकता का? मी म्हटलं, बिल्डर देत असेल तर टाकू.

या कामात एक गोष्ट मी पहिल्याच वर्षी शिकले. अंदाज नेहमी वरचा सांगायचा. मी अडुसष्ट अंश सांगितलं आणि चौसष्टच भरलं, तर सगळे खूश. मी चौसष्ट सांगितलं आणि अडुसष्ट भरलं, तर मुंबईच्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे माझ्या बोडक्यावर. म्हणून प्रत्येक ठिकाणी वाईटात वाईट धरायचं. खडी जास्तच तापलेली धरायची, ट्रक उशिराच येणार धरायचा, बर्फ वाटेत वितळणारच धरायचा. मग जो आकडा येतो त्याच्या आत राहतंच सगळं. खरवईच्या राफ्टचंही तसंच झालं. आतलं तापमान माझ्या अंदाजापेक्षा कमी आलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हिचा आकडा म्हणजे आकडा. आता त्यावर टॉवर उभा आहे, बाल्कन्यांत कपडे वाळत असतात. मी त्या रस्त्याने जात नाही.

आम्ही मूळचे तिथलेच. ती जमीन एके काळी आमच्या भावकीची, भाताची. म्हणून तर मला नोकरी लागली. गावाने बिल्डरला सांगितलं, मशिनं तुमची पण माणसं आमची घ्या. मी उल्हासनगरच्या कॉलेजातून सिव्हिल केलेलं, तरी साइटवरचे काही जण मागे म्हणायचेच, कोट्यातली मॅडम. म्हणोत. मी पण कुणाला सोडत नाही, माझ्या नाकावर राग असतो असं सगळे सांगतात, आणि खरंच आहे.

माझे वडील, आबा, अंबरनाथच्या एका कारखान्यात होते आणि सुटीला शेत बघायचे. शेत गेलं, मग नोकरी संपली, मग किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई आधीच गेलेली. माझं लग्न झालं होतं, मोडलं, मी परत आले. म्हणून आबांचं सगळं माझ्याकडे. दादा, माझा मोठा भाऊ, मस्कतला क्रेन चालवतो. घरावरची कौलं काढून त्याच्याच पैशांनी स्लॅब टाकला. चांगल्यासाठीच टाकला, पण मे महिन्यात त्या स्लॅबखाली बसणं म्हणजे शिक्षा. आबा म्हणायचे, कौलं होती तेव्हा घर श्वास घ्यायचं. आणि त्यांना पाणी मोजून. डायलिसिसच्या माणसाला पोटभर पाणी नाही देता येत, अंगात साठतं. तहानेने जीव कासावीस व्हायचा त्यांचा. मी फ्रिजमधला बर्फाचा एक तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवायचे. तो संपला की लहान पोरासारखे बघायचे माझ्याकडे. मी नाही म्हणायचे. दुसरं काय करणार होते?

दादाला तीन वर्षांत सुट्टी मिळाली नव्हती. व्हिडिओ कॉलवर आबा त्याला बघायचे आणि फोन बंद झाल्यावर मला सांगायचे की मी गेलो तर मला उचलायची घाई करू नका, पोराला येऊ द्या, त्याने एकदा तोंड बघितलं की मग न्या. मी चिडायचे. काहीतरी बोलू नका म्हणायचे. पण काकाला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावालाही त्यांनी हेच सांगून ठेवलं होतं. भावकीत सगळ्यांना माहीत होतं. त्या माणसाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, हे एवढंच मागितलं.

ज्या संध्याकाळी खरवईचा राफ्ट ओतायला सुरुवात करायची होती, त्याच सकाळी आबा गेले. मी चहा घेऊन गेले तर हात गार. मे महिन्यात, त्या भट्टीसारख्या खोलीत, हात गार. मी कप खाली ठेवला आणि तिथेच बसले. रडू नाही आलं. पहिला विचार काय आला सांगू? दादाला फोन करायचा, आणि तिकडे आता किती वाजलेत.

दादाने फोन उचलला, मी सांगितलं. तो म्हणाला, "आबांना ठेवा. मी आल्याशिवाय नेऊ नका." त्याचा पासपोर्ट कंपनीकडे. कागद मिळवून विमानात बसायचं म्हणजे दुसरा दिवस उजाडणार. दुपारपर्यंत पोचतो म्हणाला.

काका आला, भावकी जमली. सगळ्यांचं एकच, थांबायचं. कुणीतरी शवागाराचं नाव काढलं तर काका उसळला. म्हणाला, चार वर्षं हॉस्पिटलच्या खाटेवर काढली भावाने, घरातून गेलाय तर घरातूनच जाऊ दे. मग शवपेटी, ती विजेवरची थंड पेटी. आसपासच्या गावांत मिळून एक, ती आदल्या रात्री दुसऱ्या मयताला गेलेली. आणि ती असती तरी काय उपयोग, रात्रीच्या वादळात खांब पडलेला, लाइट नव्हती. दुष्काळात तेरावा महिना. शेवटी जुना उपाय, बर्फ. चुलतभाऊ टेम्पो घेऊन उल्हासनगरला गेला. तिथल्या कॅम्प पाच भागात बर्फाचा कारखाना आहे, आमच्या साइटलाही तिथूनच यायचा.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. आवाज विचित्र. म्हणाला, ताई, शेठ म्हणतात एक लादी पण नाही. सगळा माल खरवईच्या साइटला सांगितलेला आहे. बाजूच्या दोन कारखान्यांत पण हेच. लग्नसराईचा राहिलेला होता तो पण त्या साइटवाल्यांनी उचलला. मी त्याला फोन शेठला द्यायला सांगितलं. शेठ सिंधी, वयस्कर, माझ्याशी नेहमी अदबीने बोलायचा. मी कुणाची कोण आणि काय झालंय ते सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "बेटी, सारा बर्फ़ तो तुम्हारे ही नाम पे है."

खरंच होतं. आठवडाभर फोन करकरून मीच तो बर्फ जमवला होता. कल्याणपर्यंत कुणाकडे लादी शिल्लक राहणार नाही असा बंदोबस्त मीच केला होता, आणि त्याबद्दल साइटवर पाठ थोपटून घेतली होती. लादी जमायला एक अख्खा दिवस लागतो, त्यात कारखान्यांचीही लाइट गेलेली, म्हणजे जो होता तोच बर्फ. तो राफ्टचा होता आणि राफ्टला तो मीच सांगितला होता. कपाळ माझं.

साइट घरापासून जवळच. मी तशीच स्कूटीवरून गेले, अंगावर रात्रीचाच ड्रेस. साहेब, म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, अंबरनाथचे, शिस्तीचे माणूस. कधी कुणाला खुर्ची देणार नाहीत. मला बघून उठून उभे राहिले, त्यांना आधीच कळलं होतं. मी म्हटलं, सर, थोडा बर्फ घरी न्यायचाय. त्यांनी विचारलं नाही किती. राफ्ट पुढे ढकलायचा का, असंही म्हणाले, पण प्लँट, पंप, ट्रक, दीडशे माणसं सगळी लागलेली, ते ढकलणं म्हणजे काय हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग त्यांनी फक्त एवढं विचारलं की बर्फ कमी पडला तर आतलं तापमान किती वाढेल.

मी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला. बाप घरात जमिनीवर, आणि मी हिशेब करतेय. डोकं चालत होतं नेहमीसारखं, त्याला काही झालंच नव्हतं जणू. दीड-दोन अंश, मी म्हटलं. माझ्या आकड्यात तेवढी जागा आहे. साहेबांनी मान हलवली आणि शेठला स्वतः फोन लावला. एवढं सांगते, त्या दिवशी त्या माणसाने मला बोट धरून सांभाळलं, मी त्यांच्याबद्दल पुढे कधी वाकडं बोलले नाही.

बर्फ आला. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरला, त्यावर लाद्या, त्यावर गोणपाट, त्यावर आबा. बाजूनेही लाद्या लावल्या, भुसा दाबला, वरून परत गोणपाट आणि पांढरी चादर. फक्त चेहरा उघडा. हे सगळं मीच सांगून करून घेतलं. साइटवर राफ्टवर थर्माकोल आणि प्लास्टिक कसं अंथरायचं ते मी माणसांना असंच सांगते, फट राहता कामा नये म्हणते. चुलतभाऊ म्हणाला, ताई तू जरा बाहेर बस. मी नाही बसले. खिडक्यांना चादरी लावल्या, ऊन आत येऊ नये म्हणून. स्लॅबवर ओली पोती टाकून घेतली.

आणि मग बायका आल्या. आमच्याकडे मयताच्या भोवती बायका बसतात, एकेक नवीन आली की रडण्याची लाट परत उठते. खोली भरून गेली. दार सताड उघडं, बाहेरून झळा आत. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते आणि मला दुसरं काही दिसेचना. माणसाचं अंग म्हणजे शंभर वॉटचा एकेक बल्ब, तेवढी उष्णता सोडणारा. ती खोली म्हणजे वीस-पंचवीस बल्ब लावून ठेवलेले, आणि मध्ये बर्फावर माझा बाप. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, सगळ्यांनी बाहेर मांडवात बसा, दोघी-तिघीच आत थांबा, तुमच्यामुळे बर्फ वितळतोय.

काय झालं असेल तुम्हीच समजा. एक आत्या उठली ती पदर झटकून. मयताला माणसं नकोत म्हणते, म्हणाली, शिकली तेवढी हुकली. दुसरी म्हणाली नवऱ्याच्या घरी टिकली नाही ती का उगाच. मला तेवढ्यात बोलायचं होतं, चांगलं सणसणीत आलं होतं तोंडात, पण काकाने हात धरला. बायका बाहेर गेल्या. रुसून गेल्या. मांडवातच बसल्या आणि नंतर आत यायला मागेनात. आबांजवळ मी आणि एक म्हातारी चुलती, दोघीच उरलो. दार लोटून घेतलं. इतकी शांतता झाली की लाद्यांतून पाणी ठिबकल्याचं ऐकू यायचं.

त्या रात्री साइटवर काँक्रीट पडत राहिलं. साहेबांनी मधूनमधून मेसेज केले, ट्रकमधल्या मालाचं तापमान एवढं, एवढं. मी उत्तरं दिली. मला कुणी निर्दय म्हणेल तर म्हणू दे. त्या आकड्यांनी मला बरं वाटत होतं. दुसरं काही हातात नव्हतं.

सकाळी दादाचा फोन आला की कागद झाले, पण विमान लेट आहे. दुपारऐवजी संध्याकाळ होऊ शकते. ही बातमी मांडवात पसरली आणि कुजबुज सुरू झाली. बाहेरगावहून आलेली माणसं, त्यांचीही घाई. एक जण म्हणाला थांबायलाच हवं, दुसरा म्हणाला म्हाताऱ्याची विटंबना नको. ऊन चढत होतं. काका आत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. आयुष्यभर भात लावलेला माणूस, मला लहानपणी खांद्यावर घेऊन बैलपोळ्याला फिरवायचा. माझ्याकडे न बघता बोलला.

"बाय, तू ते तापमानाचं काम करतेस ना. मंग तूच सांग. भाऊ कवापरत राहील?"

मला वाटलं याला एक ठेवून द्यावी. मग वाटलं, बरोबर विचारतोय. विचारणार कुणाला? अख्ख्या गावात हे एकच माणूस होतं ज्याला हे सांगता येईल, आणि ते मी. मी म्हटलं थांब जरा, सांगते.

आणि मी काढला आकडा. आबांचं वजन मला पाठ होतं, डायलिसिसच्या आधी आणि नंतर, दर वेळी मीच बघायचे. खोलीची लांबी-रुंदी पाठ, स्लॅबची जाडी पाठ. किती लाद्या आल्या ते माहीत. दारातून येणारी झळ धरली, आत बसलेली माणसं धरली. सवयीप्रमाणे सगळं वाईटात वाईट धरलं. कालचीच भरलेली खोली धरली मी, पंचवीस बल्ब. बाहेर रुसून बसलेल्या बायका परत आत येणार असंच धरलं, कारण साइटवर आपण चांगलं काही धरत नाही. आकडा आला.

"तीन," मी म्हटलं. "तीनच्या पुढे मी जबाबदार नाही."

साइटवर बोलते तसंच बोलून गेले. काका मान हलवून उठला आणि बाहेर जाऊन सांगितलं, तीनला उचलायचा. कुणी वाद घातला नाही. आदल्या दिवशी मला नावं ठेवणाऱ्या आत्यानेही नाही. हिने हिशेब करून सांगितलंय ना, मग झालं.

दुपारी दादाचा मेसेज आला, उतरलो. विमानतळावरून आमच्याकडे यायचं म्हणजे शिळफाट्यावरून, आणि शिळफाट्याची कोंडी कुणाला चुकलीय. पुन्हा मांडवात चुळबुळ. सूर्य मावळायला वेळ होता, तोवर कधीही नेता आलं असतं. काका परत दारात आला. माझ्याकडे बघत उभा राहिला. मी आबांच्या गालाला हात लावला. गार होता. पण गालावरून काय कळणार? कडेने पाणी वाहत होतं, भुसा लगदा झालेला. उदबत्ती, घाम, झेंडू, सगळ्याचा मिळून एक वास होता आणि त्यात आणखी काही आहे की काय असं मला वाटलं. वाटलं म्हणजे भीती वाटली. दादाने तीन वर्षांनी बापाचं तोंड बघायचं आणि ते असं बघायचं? आबांनी हे मागितलं नव्हतं.

माझ्या बॅगेत तापमान मोजायची एक जादा वायर होती. राफ्टच्या पोटात सोडतो ना आम्ही, तीच. झाकण उचलून बघायचं नसतं, झाकण उचललं की सगळं बिघडतं, वायर सांगते आत काय चाललंय ते. ती आबांच्या काखेत ठेवली असती तर मिनिटभरात कळलं असतं. मी बॅगेपर्यंत गेले. चेन उघडली. बापाच्या काखेत वायर, आणि बाजूला चुलती बघतेय. हात धजेना. मी परत आले आणि काकाला मानेनेच सांगितलं, नाही थांबता येणार.

तीनला आबांना उचललं. आंघोळ, तिरडी सगळं बाहेर अंगणात. चुलतभावाने मडकं धरलं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, वेशीपर्यंत जातात आणि परत फिरतात. मीही फिरले. मी रडले तेव्हा, इतकी की आत्यानेच धरून घरी आणलं, आणि तिने पाठीवरून हात फिरवला तेव्हा मला तिचा आदल्या दिवशीचा राग धरता येईना.

घर धुवायला घेतलं. जिथे माणूस ठेवलेला असतो तिथे पाणी टाकून पुसून दिवा लावतात. दोघी-तिघींनी मिळून वरची चादर काढली, मग ओलं गोणपाट ओढलं. एक जण ओरडली, अगं हे बघ केवढं जड. मी बघितलं.

गोणपाटाखाली लाद्या तशाच. कडा झिजलेल्या, अंगाच्या आकाराची एक खोलगट जागा झालेली, बाकी जाडच्या जाड. दुधी पांढऱ्या. रात्रभर राहिल्या असत्या. मी तिथे उभी होते आणि डोकं आपोआप मागे मागे जात होतं, कुठे चुकलं, कुठे चुकलं, आणि सापडलं पण लगेच. बायका. त्या आत आल्याच नव्हत्या. दार लोटलेलं, खोलीत मी आणि म्हातारी, दोन बल्ब. मी पंचवीस धरले होते.

चुलतभावाला फोन लावला. तो आमच्याच घरात वाजला, फ्रिजवर ठेवून गेला होता. काकाकडे फोन नसतोच. मी चप्पल न घालता स्कूटी काढली. स्मशान नदीच्या अंगाला, आमच्यापासून फार लांब नाही. वळणावर आले आणि झाडांच्या वर धूर दिसला. सरळ वर जात होता, वारा नव्हता. मी तिथेच ब्रेक मारला. मागचा टेम्पोवाला शिव्या घालत गेला. किती वेळ उभी होते ठाऊक नाही, मग गाडी वळवली.

मी घरी पोचले त्यानंतर थोड्याच वेळात रिक्षा येऊन थांबली. दादा. खांद्याला बॅग, शर्ट अंगाला चिकटलेला, दाढी पांढरी झालेली, ती मला फोनवर कधी दिसली नव्हती. मांडव रिकामा बघून त्याला कळलंच. बायका बाजूला झाल्या. मी पुढे झाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, म्हटलं ऊन फार होतं रे दादा, ठेवता आलं नसतं. तो म्हणाला, हो ना, मला वाटलंच. विमानानेच घात केला, तू काय करणार. तू होतीस म्हणून एवढं तरी झालं. माझ्या डोक्यावर हात ठेवला त्याने.

आत्या म्हणाली, बाबा, आधी पाय धुऊन घे. तो मागे मोरीकडे गेला. मी म्हणणार होते थांब, तिकडे नको, इकडे नळावर धू. तोवर तो गेला होता. लाद्या बायकांनी ओढून मोरीतच टाकल्या होत्या. एकावर एक, मोरी भरून.

पाण्याचा आवाज आला नाही. मी दारात गेले. तो उकिडवा बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय कोरडेच. एक हात लादीवर, त्या खोलगट जागेत ठेवलेला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं.

"अजून आहे की गं," तो म्हणाला.